अडीच मिलिमीटर

बीम तुटणं वेगळं आणि बीम वाकणं वेगळं. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षालाच हे शिकवतात. आमच्या शेठला ते कोण शिकवणार? डोंबल!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. इच्छापोरला पत्र्याच्या शेडमध्ये फॅब्रिकेशनचा कारखाना होता, तिथं मी ड्रॉइंग काढायचो. आम्ही धुळ्याकडचे, लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कामासाठी गुजराती मुलखात आलेले, राहायला कोसाडला. आमच्या गल्लीत लूमवर न जाता टेबलावर बसून काम करणारा मी पहिलाच. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, याचा केवढा अभिमान! चहाच्या टपरीवर कुणीही भेटो, माझ्या गणिताचा विषय निघायचाच. मला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं.

पर्वत पाटिया भागातल्या एका कापडवाल्याला कापडाच्या गाठी दाबायचा चाळीस टनी प्रेस हवा होता. एका वेळी दोन गाठी शेजारी शेजारी बसाव्यात म्हणून खांबांमध्ये अडीच मीटर अंतर. मी गणित मांडलं. वर पाचशे मिलिमीटर उंचीचे दोन बीम टाकले, तर पूर्ण दाबाला मधोमध वाक येतो पाऊण मिलिमीटर. पण शेठकडे जहाजफोडीतून आणलेले साडेतीनशेचे बीम गंजत पडले होते. ते टाकले तर वाक जवळजवळ अडीच. ऐकायला काहीच नाही. पण बीम वाकला की त्याची टोकं फिरतात, टोकांना आवळलेले खांब आत झुकतात, आणि गाठी वरच्या बीमवर दाबायला खांबांवरून खालीवर सरकणारी पाटी मध्येच अडकते. म्हणून खांबसुद्धा मी नव्वद मिलिमीटर जाडीचे धरले होते. शेठनं ते साठवर आणले.

"तूटशे तो नई ने?" शेठनं विचारलं.

"तुटणार नाही. पण वाकेल."

"लोखंड छे भाई, पापड नथी!" शेठ हसला, आजूबाजूचे वेल्डरही हसले. माझं "तुटणार नाही" तेवढं त्याच्या कानात गेलं, "पण" हवेत विरलं. मी ड्रॉइंग बदललं आणि खाली सही केली. भांडायला हवं होतं. नाही भांडलो.

त्याच सुमाराला आबांना लूमवरून काढलं. नजर कमी झाली होती, तुटलेला धागा दिसेना. कापडवाल्याला प्रेसवर माणूस हवा होता. मी शब्द टाकला आणि आबा लागले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! पोराच्या मशीनवर बाप काम करतो, हे सांगताना आबांची मान ताठ व्हायची.

आठवड्याभरात एका संध्याकाळी जेवताना आबा म्हणाले, "पाटी अडकस रे, वर जातांना."

का अडकते ते मला माहीत होतं. जगात ते माहीत असलेला मी एकटाच होतो. खरं बोललो असतो तर प्रेस परत आला असता, शेठनं मला हाकललं असतं, आबाही पुन्हा घरी बसले असते. मी वर न बघता म्हणालो, "खांबले ग्रीस लाव, आबा."

आबा रोज ग्रीस लावत राहिले. हाताला, बाह्यांना काळे डाग. आई कपडे घासताना कुरकुरायची.

दोन महिन्यांनी पाटी वर जाताना एका अंगाला अडकली, दाब सोडला तरी वरच राहिली. आबांनी पहार घालून ती उचकटली, आणि ती सुटली ती धाडकन खाली. उजव्या हाताची तीन बोटं गेली. शेठ दवाखान्यात आला, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, कारागिराची चूक, मशीनला काही झालेलं नाही. खरंच होतं. बीम तुटला नव्हता. त्या गणिताचा कागद माझ्या टेबलाच्या खणात होता आणि मी मूग गिळून बसलो. पुढं चार वर्षं तिथंच नोकरी केली. त्याच ड्रॉइंगवर आणखी प्रेस निघाले, त्याच्या नकलाही मीच काढून दिल्या. थू माझ्या शिक्षणावर!

पण शेठचा राग आता येत नाही. तो अडाणी होता, मी नव्हतो.

आबा घरी आल्यावर गल्लीतले लोक बघायला यायचे. कुणीतरी विचारलंच, पोरानंच बनवलेलं ना ते मशीन? मी दाराशी उभा होतो. आबांनी पट्टी बांधलेला हात मांडीवर घेतला आणि म्हणाले, "पोऱ्यानी काहीच चूक नही. त्यानी सांगेल व्हतं, ग्रीस लाव म्हनीसन. मीच कमी लावं."