माझा दीड महिन्याचा कॅन्सर

मला एकदा दीड महिन्यासाठी कॅन्सर झाला होता.

बालाघाटच्या सरकारी कचेरीत माझी उभी हयात बाबूगिरीत गेली. तपासणी म्हटली की आधी सगळं चकाचक करायचं, हे अंगात मुरलेलं! पन्नाशी उलटल्यावर डॉक्टरांनी प्रोस्टेटसाठी पीएसए नावाची रक्ताची तपासणी सांगितली. (त्रास कसलाच नव्हता. "पाहून घेऊ" म्हणाले.) मी लगेच तयारीला लागलो. आठ दिवस रोज सकाळी सायकलनं हट्टा गाव गाठायचं आणि परत यायचं. बूड सोलून निघालं!

"रक्तच तं द्यायचं हाय, इतका जोर काहून लावून राह्यले?" बायको कुसुम म्हणाली.

"तुले नाई समजत. रिपोर्ट फस्टक्लास आला पाह्यजे!"

आठव्या दिवशी सायकलवरूनच जाऊन रक्त दिलं. आकडा चारच्या आत हवा होता, आला दुप्पट!

"कॅन्सर असू शकतो. नागपूरला दाखवा," डॉक्टर म्हणाले. मी 'असू शकतो' तिथंच सोडलं आणि उरलेला शब्द घेऊन घरी आलो.

पलंगच धरला. लांजीहून ताई आली, माझ्या डोक्यावरून हात फिरवत रडली. मीही रडलो. मरताना मनावर ओझं नको, म्हणून कुसुमचा हात धरला.

"कुसुम, मलाजखंडले मी दौऱ्यावर नोहतो जात वं. दोस्तांसंगं पत्ते खेळत होतो. वीस वर्षं!"

"असू द्या जी," ती डोळे पुसत म्हणाली, "आता काय बोलायचं त्याचं." (देवीच ती!)

नागपूरच्या डॉक्टरांनी विचारलं, "रक्त देण्याआधी सायकल चालवली होती?"

"हौ! रोज हट्ट्यापर्यंत!" मी छाती फुगवून सांगितलं.

त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, त्यानंही आकडा चढू शकतो. सहा आठवडे सायकल बंद. मग पुन्हा पाहू. तपासायला आतला तुकडा काढायची घाई नको."

"पण साहेब, या तपासणीनं जीव वाचते का?" कुसुमनं विचारलं.

"कोणाचा वाचतो, कोणाला नुसताच घोर लागतो. कोणाचं काय होणार, ते आधी सांगता येत नाही."

सहा आठवडे मी देवाला झोपू दिलं नाही. नवा आकडा चारच्या खाली आला! "काळजीचं काही नाही," डॉक्टर म्हणाले, आणि मी त्यांच्यासमोर भोकाड पसरलं. कुसुमनं हात जोडले. बाहेर येऊन आम्ही दोघं बाकावर टेकलो. किती हलकं वाटत होतं, काय सांगू!

"लय बरं झालं जी," तिनं डोळे पुसले. पदर नीट केला. माझ्याकडे वळली.

"हं, आता सांगा. कोन्ते दोस्त? वीस वर्षं काय?"

मी उठलो आणि पुन्हा डॉक्टरांच्या खोलीत शिरलो.

"साहेब, तो आकडा आणखी एकदा नीट पाह्यता का?"