पाळणा एक, वरवंटा एक, मार्गे न्हावा-शेवा

लोक प्रवासाला हिमालयात जातात. मी आणि ताई उरणजवळच्या एका कंटेनर गोदामात गेलो. निमित्त, परदेशी सामान पाठवणाऱ्या एजंटचा सकाळचा फोन. “तपासणीच्या मशीनमध्ये पाळण्यात दगड दिसतोय. मालकांना यावं लागेल.”

पाळणा आमच्या फणसवाडीतल्या घरचा, सागवानी. ताईची मुलगी रॉटरडॅमला. तिला आठवा लागलाय. जहाजाला महिना तरी लागतो. आजचा कंटेनर चुकला, की बाळ आधी आणि पाळणा मागाहून.

“दगड कसला, ताई?”

“वरवंटा आहे.” ती चपला शोधत होती. “रिकामा पाळणा घराबाहेर जात नाही.”

बारशाला बाळाआधी वरवंटा पाळण्यात निजतो, हे मलाही ठाऊक. पण कस्टमच्या कागदावर होतं, ‘लाकडी पाळणा, एक नग’.

जाणाऱ्यांसाठी: भाऊच्या धक्क्यावरून उरणच्या मोरा बंदराची लाँच घ्या. तिकीट शंभराच्या आसपास. ओहोटीची वेळ आधी विचारा. वाटेत नांगरलेली जहाजं दिसतात, बिऱ्हाड हलवताना ट्रंका रचाव्यात तसे त्यांच्यावर कंटेनर. उतरल्यावर वडापाव खाऊन मगच रिक्षा करा. पुढे नुसती ट्रेलरची रांग आणि धूळ. मूळ आधारकार्ड न्या, आणि बूट घाला. ताईला वॉचमनचे बूट मिळाले. काठपदराच्या साडीवर नारिंगी जाकीट, वर हेल्मेट. मी हसलो नाही, जन्मभर संस्कृत शिकल्याचं तेवढंच सार्थक.

पाळण्याला कीड लागू नये म्हणून धुरी देऊन झाली होती. म्हणजे बाळाचा निम्मा विधी बंदरानेच उरकला होता.

“मावशी, दगड काढा, अर्ध्या तासात मोकळे,” एजंट म्हणाला.

“नाही.”

“ताई, शास्त्रात याला आधार नाही,” मी.

“तुझं शास्त्र गप्प ठेव. तूसुद्धा याच्याच मागून पाळण्यात गेलायस.”

कस्टमच्या बाईंनी वरवंट्याचं कुंची-टोपडं सोडलं, पाहिलं, पुन्हा नीट बांधलं. “कागद बदलून आणा. चारला कंटेनर बंद होतो.”

एजंटने कपाळ पुसलं. “किंमत काय टाकू?”

“आईचा आहे,” ताई म्हणाली.

“मग ‘वापरलेला’ लिहितो.”

ताई स्टुलावर बसून राहिली. कंटेनरला सील लागलेलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा कुठे तिने वॉचमनचे बूट परत केले.

संध्याकाळी घरी चटणी मिक्सरमधली. पाटा भिंतीला टेकून एकटाच उभा.

“नवा वरवंटा आणू या,” मी म्हटलं.

“कशाला? मी लेकीकडे जाईन तेव्हा पाटाही नेणार,” ताई म्हणाली. “या वेळी कागदात आधीच लिही.”