उघड्या तोंडाचे खांब

प्रबोध दातार पुण्याहून सिंगापूरला आला तो शैलेंद्रच्या शब्दावर. शैलेंद्र कॉलेजात त्याच्या पुढे दोन वर्षं, आता इथल्या एका बांधकाम कंपनीत मॅनेजर. १९९६ साली रॅफल्स प्लेसजवळ ती कंपनी एक इमारत बांधत होती, आणि खांबांचं काम इंजिनिअर म्हणून प्रबोधकडे होतं. खांब म्हणजे पोलादी नळ्या, आत फुगणारं काँक्रीट. साधं काँक्रीट आकसून नळीपासून सुटतं. हे फुगून तिला आतून घट्ट भिडतं, म्हणून दोघं मिळून जास्त भार पेलतात. मात्र काँक्रीट मुरेपर्यंत नळीच्या तोंडाचं झाकण आवळलेलं हवं. नाहीतर ते वर उसळतं आणि भुसभुशीत होतं.

प्रबोध तापाने हौगांगच्या फ्लॅटमध्ये पडून होता, तेव्हा घाईपोटी शैलेंद्रने तळमजल्याची झाकणं लवकर काढायला लावली.

कामावर परतताच प्रबोधने त्याच वेळी भरून तशाच लवकर उघडलेल्या, चाचणीच्या आखूड नळ्या लॅबमध्ये दाबून पाहिल्या. पहिली ठरलेल्या भाराच्या अर्ध्यावरच फुगून वाकली. एखादी खराब निघतेच, असं शैलेंद्र म्हणाला. पण बाकीच्याही तशाच निघाल्या. वर मजले चढतच होते, आणि दुपारी कामगार त्याच खांबांना टेकून जेवत होते. काम थांबव म्हणून त्याने शैलेंद्रपुढे हात जोडले. तुझा इथे राहायचा पास कंपनीच्या जिवावर आहे, एवढीच आठवण शैलेंद्रने करून दिली.

घरी त्याने बायकोला, मधुवंतीला, सगळं सांगितलं.

"जाऊन सांग," ती म्हणाली. "माणसं मेली तर तू जगू शकणार नाहीस."

तो इमारतीच्या मालकांचे इंजिनिअर मिस्टर लिम यांच्याकडे गेला. काम थांबलं. खांब भोकं पाडून तपासले, तर आतून चुरा पडला. मग टेकू लावून एकेका खांबाला बाहेरून नवं पोलाद चढवलं. इमारत वाचली, माणसंही वाचली.

प्रबोधला मात्र काढून टाकलं. दुसरी कुठलीही कंपनी त्याला उभं करेना. पास संपत आला.

"तू मला बुडवलंस," शैलेंद्र फोनवर म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

पुण्याला परतायचं सामान बांधताना त्यांच्या लेकीने, गार्गीने, शाळेचा युनिफॉर्म बॅगेतून परत बाहेर काढला. "बाबा, कॅन स्टे ऑर नॉट? इथेच राहूया ना?"

मधुवंती तिला घेऊन खाली गेली, तेव्हा तो रिकाम्या खोलीत फरशीवर बसला आणि तोंडावर हात दाबून रडला.