चिंच लावलेली रायफल

शिरीषला जगातला एकही माणूस पुरेसा शहाणा वाटत नसे, आणि प्रमोदिनीबाईंना याची लाज वाटे. पोटचा पोरगा पडला, म्हणून तोंडावर बोलत नसत इतकंच. त्या मिरजेहून परदेशात, शॅननला त्याच्याकडं आल्या होत्या थोडे दिवस राहायला. तेवढ्यात लॉकडाऊन लागून विमानं बंद झाली, आणि ऑक्टोबर आला तरी बाई आपल्या लेकाचं शहाणपण ऐकत तिथंच.

शिरीष शॅननच्या एका कारखान्यात कामाला होता. हृदयात घालायच्या बारीक नळ्या भिंगाखाली धरायच्या आणि त्यांतली खोट काढायची, हे त्याचं काम. बरं, कामाची सवय कामावर ठेवून यावी की नाही? छे! आमटीत खोट, बायकोत खोट, शेजाऱ्याच्या कुत्र्यात खोट. आणि छंद कसला, तर जुन्या लढायांत शत्रूकडून हिसकावलेल्या बंदुका जमवायचा. नळीत वेल्डिंग केलेल्या, रीतसर परवानगी काढलेल्या, जन्मात कधी न उडणाऱ्या. सुनेनं, नंदिनीनं, त्या हॉलमधून हाकलून मागच्या खोलीत कोंबायला लावल्या होत्या. शहाणी पोर.

"आई, जुनी बंदूक काय, कुणीही घेतं गं," तो सांगे. "पकडलेली बंदूक ओळखता आली पाहिजे. जो पकडतो तो आपला शिक्का मारतो. ही बघ. बनली रशियात, लढाईत हिसकावली फिनलंडवाल्यांनी. ही चौकट, आत दोन अक्षरं. त्यांच्या सैन्याचा शिक्का. इथल्या गाढवांना हे दिसतसुद्धा नाही."

इथली गाढवं म्हणजे त्याच्या संग्राहक मंडळातली माणसं. लॉकडाऊनमुळे ती सगळी लॅपटॉपवर भेटत. सप्टेंबरात मॉरिस नावाच्या म्हाताऱ्यानं बापाचं पिस्तूल दाखवलं. बापानं महायुद्धात आफ्रिकेत एका इटालियन सैनिकाकडून हिसकावलेलं, असं लहानपणापासून ऐकलेलं. शिरीषनं त्यावरचा क्रमांक विचारला आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "हे युद्धानंतर बनलंय. तुमच्या वडिलांनी थाप मारली." म्हाताऱ्याचा चेहरा एवढासा झाला. शिरीष त्या रात्री दोनदा जेवला. प्रमोदिनीबाईंना वाटलं, उठावं आणि याच्या थोबाडीत ठेवून द्यावी. खरं बोलला असेल, पण बोलताना केवढी चव घेतली मेल्यानं!

आणि आता मंडळ त्यालाच परीक्षक नेमणार होतं. कुठली बंदूक खरी, कुठली खोटी, यावर त्याचा शब्द शेवटचा. निवड नेमकी खंडेनवमीच्या दुपारी. त्याच बैठकीत तो आपली फिनिश शिक्क्याची रायफल मिरवणार होता. आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता.

खंडेनवमीला घरातली शस्त्रं पुजायची, हे प्रमोदिनीबाईंना कुणी सांगायला नको होतं. हवीशी असोत की नकोशी, पण आहेत ना घरात? मग धूळ खात कशी ठेवायची? सकाळी शिरीष आंघोळीला गेला तशी त्यांनी ती लाडकी रायफल घेतली, चिंच भिजवली आणि देवाची उपकरणी घासावीत तशी घासायला घेतली. थोड्याच वेळात फडक्यावर करडा लगदा आला. चौकट गेली, अक्षरंही गेली.

"आई!" शिरीष पंचा गुंडाळलेलाच धावत आला. "काय केलंस हे? अडाणी ती अडाणीच! माझं वाटोळं केलंस!"

"ओरडू नकोस. बोट लाव इथं."

त्यानं लावलं.

"लांबी आहे ही शिऱ्या. खिडकीच्या फटीत भरतात ती. तिच्यावर छाप उठवलाय आणि वरनं काळा रंग दिलाय. अरे, माझ्या पातेल्यावर तुझ्या आजीचं नाव घातलंय. मी जन्मभर ते चिंचेनं घासतेय. गेलं का?"

शिरीषनं भिंग आणलं. रशियन कारखान्याची खूण लोखंडात होती तशी होती. शेजारी लांबीखाली साफ कोरं लोखंड. तो मटकन खाली बसला. बाईंना त्याची दया आली. कितीतरी वर्षांनी त्याचा चेहरा माणसासारखा दिसत होता.

"सांगून टाक त्यांना," त्या मऊ आवाजात म्हणाल्या. "फसलो म्हणावं. माणूस फसतो रे."

"आज निवड आहे आई," तो एवढंच बोलला.

दुपारी लॅपटॉप उघडला. शिरीषनं रायफल वर धरली आणि आवाजात हुंदका आणून इंग्रजीत सांगितलं, की शिक्का अस्सल होता, पण आईनं आज अडाणीपणानं घासून टाकला, तिला यातलं काही कळत नाही. प्रमोदिनीबाई मागं खुर्चीत होत्या. एवढं इंग्रजी त्यांना येत होतं. सगळे हळहळले. फक्त मॉरिसनं चष्मा वर केला.

"लोखंडात ठोकलेला शिक्का," त्यानं शांतपणे विचारलं, "नुसत्या घासण्यानं गेला कसा?"

खोट काढणाऱ्याला आपली खोट झाकता येईना. शिरीष कानापर्यंत लाल झाला.

प्रमोदिनीबाई उठल्या, लॅपटॉपपुढं वाकल्या. "मी घासलं," त्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या. "सँडपेपरनं. खूप वेळ. माझी चूक. सॉरी."

मॉरिस त्यांच्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "ग्रँड, मिसेस. काही हरकत नाही." आणि पुढं एक अक्षर विचारलं नाही. शिरीषची निवड झाली. टाळ्याही झाल्या.

त्यानं माइक बंद केला. "वाचवलंस गं आई."

"तुला नाही वाचवलं," त्या म्हणाल्या. "माझ्या पोराला चारचौघांत लबाड म्हटलेलं मला ऐकवलं नसतं. तू लबाड आहेस हे मला कळलं, तेवढं पुरे."

तो काही बोलणार, तेवढ्यात पडद्यावर कुणीतरी नव्या परीक्षकाला दाखवायला एक जुनी रायफल उचलली. शिरीषनं घसा खाकरला, माइक चालू केला आणि क्षणभर निरखून, अगदी नेहमीच्या शिष्ट आवाजात म्हणाला, "छे. ही खोटी आहे."