जिन्याखालची खोली

माझ्या लेकीच्या शाळेत जिन्याखाली एक छोटी खोली आहे. राग अनावर झाला की मुलांनी बाकावर लाल पट्टी ठेवायची आणि कुणालाही न विचारता तिथं जाऊन बसायचं. आज तिला न्यायला गेले, तर ती आत बसून वर्तमानपत्रं टराटरा फाडत होती. शेजारी बसलेल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "फाड हो, अजून पुष्कळ रद्दी आहे."

खरं सांगते, मला पोटच्या पोरीचा हेवा वाटला. तिच्याएवढी असताना रागानं मीही वही फाडली होती. वर्गाबाहेर तासभर अंगठे धरून उभं केलं मला. का फाडलीस, हे आजतागायत कुणी विचारलेलं नाही.

लेक हसत दप्तर आणायला पळाली. बाईंची पाठ वळलेली पाहून मी रद्दीतलं एक वर्तमानपत्र घडी करून गुपचूप पर्समध्ये टाकलं.