झोप हरवलेली मुलं

मार्च महिना लागला आणि हवेत ती खारट ऊब आली, की पनवेलमधली एक सकाळ अजून माझ्या डोळ्यांसमोर उभी राहते. मी तेव्हा तिथे फौजदार होतो. दारूबंदीचे दिवस होते. ठाण्याचं निम्मं काम दारूचंच असायचं. खाडीकाठच्या भट्ट्या शोधायच्या, हातभट्टीच्या दारूने भरलेल्या ट्यूबा जप्त करायच्या आणि पकडलेल्या माणसाला डॉक्टरांपुढे उभं करून दाखला घ्यायचा. नशा म्हणजे दारू, असंच आम्ही सारे धरून चाललो होतो.

नुकतंच उजाडलं होतं. मिठागरात काम करणारी एक बाई ठाण्याच्या पायरीशी येऊन उभी राहिली. तिच्या पावलांवर मिठाचा पांढरा थर वाळला होता.

"साहेब, आमच्या मिठागरान एक पोरगा बसलाय," ती म्हणाली. "शिकलेला दिसतोय. पान्यान पाय सोडून बसलाय न कोनाशी तरी बोलतोय. पन समोर कोनी नाय."

"प्यायला असेल," हवालदार म्हणाले.

"पिलेला मानूस मी वलखते. ह्यो तसा नाय. ह्याला बघून मना भ्या नाय वाटलं, रडू आलं."

स्टेशन डायरीत नोंद करून आम्ही सायकली काढल्या. खाडीवर धुकं इतकं दाट होतं, की बांध कुठे संपतो आणि पाणी कुठे लागतं ते समजत नव्हतं. मिठाच्या राशी त्या धुक्यात तरंगत असल्यासारख्या दिसत होत्या. अशाच एका राशीजवळ, वाफ्यात पाय सोडून, विशीच्या आतबाहेरचा मुलगा बसला होता. पांढरा सदरा, खिशाला पेन. डोळे सताड उघडे, पण आमच्यावर ठरत नव्हते.

"हळू बोला," तो कुजबुजला. "सगळे झोपलेत."

"कोण झोपलेत?"

त्याने राशींकडे बोट दाखवलं. क्षणभर मलाही त्या ओळीने निजलेल्या माणसांसारख्या दिसल्या, डोक्यावरून चादरी ओढून घेतलेल्या.

"यांचे पेपर झाले," तो म्हणाला. "माझा अभ्यास राहिलाय. म्हणून मी जागा आहे. त्यालाही शेवटी झोप लागली. मी पांघरूण घातलं त्याला."

मला वाटलं, हेही तो राशींबद्दलच बोलतोय. हवालदारांनी वाकून त्याचं तोंड हुंगलं आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. दारूचा वास नव्हता. हाताला धरून उठवल्यावर तो मुकाट्याने आमच्याबरोबर चालू लागला. वाटेत दोनदा थांबून त्याने वळून पाहिलं, कोणी जागं तर झालं नाही ना म्हणून.

गावातल्या लेडी डॉक्टर बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातल्या होत्या. कोकणातच जन्मलेल्या, बोलणं थेट अलिबागकडचं. दारूबंदीच्या केसेसमुळे आमची त्यांच्याकडे सारखी ये-जा असे. नेहमीची केस समजून त्यांनी दाखल्याचा कागद पुढे ओढला. मुलाच्या डोळ्यांत बॅटरी मारली, नाडी धरली आणि कागद बाजूला सारला.

"हा प्यायलेला नाही, फौजदारसाहेब. हा कित्येक रात्री झोपलेला नाही. आणि तेही आपल्या ताकदीवर नाही. याने गोळ्या घेतल्यात, जागं राहायच्या."

"अशा गोळ्या असतात?"

"असतात. माणूस जागाच राहतो, आणि मग जागेपणीच स्वप्नं पडायला लागतात. याला मी इथे ठेवते. तुम्ही हा राहतो कुठे ते बघा. एकटाच घेत असेल असं मला वाटत नाही."

त्याच्या खिशात पेन, मूठभर मीठ आणि एक लहान किल्ली सापडली. त्या वस्तू ताब्यात घेऊन मी निघालो.

पनवेलला तेव्हा नुकतंच कॉलेज निघालं होतं. उरण आणि आसपासच्या खेड्यांतली मुलं एका दुमजली घरात वसतिगृह करून राहत. परीक्षा तोंडावर आली होती. आम्ही शिरलो तशी पुस्तकं वाचण्याचा आवाज एकदम बंद झाला. मुलं व्हरांड्यात येऊन रांगेने उभी राहिली. चेहरे ओढलेले, डोळे लाल. हवालदारांनी दरडावून विचारलं, गोळ्या कोणी आणल्या, कोण कोण घेतं? एकाच सुरात उत्तर आलं, "आम्हाला काही माहीत नाही."

नोकरीत इतकी वर्षं काढल्यावर चुप्पीचे प्रकार ओळखू येतात. मुरलेल्या गुन्हेगाराची चुप्पी निवांत असते, त्याला कसली घाई नसते. ही मुलं गप्प होती, पण एकमेकांकडे चोरून बघत होती. सांगायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं. मी हवालदारांना खाली पाठवलं आणि व्हरांड्याच्या कठड्यावर बसलो.

"तुमचा मित्र दवाखान्यात आहे," मी म्हणालो. "जिवंत आहे. मी इथे जबाब घ्यायला आलेलो नाही. त्याच्या खोलीत आणखी कोण राहतं, एवढंच सांगा."

कोणीतरी उरणकडच्या एका मुलाचं नाव घेतलं. तो कुठे आहे, मी विचारलं.

"गावी गेला असेल. खोलीला बाहेरून कुलूप आहे."

"जाताना कोणी पाहिलं?"

कोणीच पाहिलं नव्हतं. तेवढ्यात मागच्या रांगेतला, जाड चष्म्याचा एक मुलगा हळूच म्हणाला, "साहेब, खरं सांगितलं तर कॉलेजातून नाव काढतील का?"

"कॉलेजचं मी सांगू शकत नाही. माझ्याकडून केस होणार नाही, एवढा शब्द देतो."

तो रडायलाच लागला. "सगळेच घेतो साहेब. पळस्प्याच्या नाक्यावरच्या हॉटेलात ट्रक ड्रायव्हरांना मिळतात, तिथून आणतो. पण मग झोप येतच नाही. डोळे मिटले तरी आत उजेड असतो. म्हणून त्याच हॉटेलातून झोपेच्याही आणल्या. हा उरणचा काल म्हणत होता, आज मी भरपूर घेणार, एकदा पोटभर झोपणार."

त्याचं बोलणं ऐकता ऐकता मला मिठागरातल्या मुलाचं वाक्य आठवलं. त्यालाही शेवटी झोप लागली. मी पांघरूण घातलं त्याला.

मी उठलो आणि खिशातली किल्ली त्या खोलीच्या कुलपाला लावली. कुलूप उघडलं.

आत खिडकी लावलेली होती. कौलांच्या फटीतून उन्हाची एक तिरीप जमिनीवर पडली होती आणि तिच्यात धूळ सावकाश फिरत होती. खोली नीट आवरलेली होती. मधोमध सतरंजीवर एक मुलगा निजला होता आणि त्याच्या डोक्यावरून पांढरी चादर घातली होती, चारही कडा नीट खोचून. असं पांघरूण आई लहान मुलाला घालते. नाहीतर माणूस गेल्यावर घालतात. मी चादर काढली. चेहरा निळसर पडला होता. छातीला कान लावला तेव्हा खूप लांबून, विहिरीच्या तळातून यावा तसा श्वास ऐकू आला.

हवालदार सायकल हाणत डॉक्टरांकडे गेले. त्याला मुंबईला हलवण्याइतका वेळ नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि आपल्याच दवाखान्यात उपचार सुरू केले. नर्स एकच होती. मघाशी काही माहीत नाही म्हणणारी मुलं आपणहून आली. डॉक्टरांनी त्यांना कामाला लावलं. एकाने जबडा धरून ठेवायचा, एकाने श्वासाकडे लक्ष द्यायचं, थांबला तर लगेच हाक मारायची. ती दुपार मला पाण्याखालून पाहिल्यासारखी आठवते. पडदे ओढलेले, औषधाचा वास, आणि दहा-बारा मुलं एकाच माणसाच्या श्वासाकडे कान लावून बसलेली. त्या श्वासाबरोबर आम्ही सारेच नकळत श्वास घेत होतो.

संध्याकाळी उरणहून त्याचे वडील आले. मिठागरातच जन्म गेलेला माणूस. मला बघून त्यांनी हात जोडले.

"साहेब, माझा पोरगा दारू पिला काय?"

"नाही."

"मंग काय केलान त्यानं?"

"अभ्यास करत होता," मी म्हणालो. याहून खरं उत्तर मला सुचलं नाही.

ते मुलाच्या पायाशी बसले आणि त्याचे तळवे चोळत राहिले. दिवेलागणीच्या सुमारास मुलाने पाय आखडून घेतला. वडील दचकले, मग हसले. डॉक्टर दिवसभरात पहिल्यांदा खुर्चीत बसल्या.

पळस्प्याचं काम सोपं होतं. आमचा एक शिपाई ट्रकचा क्लीनर बनून त्या हॉटेलात बसला आणि गोळ्या मागितल्या. चहाबरोबर त्या बशीतून आल्या. पंचांसमक्ष माल जप्त करून मालकाला ठाण्यावर आणलं. त्याचा आव मोठा शांत होता.

"गोव्याकडे जाणारा ड्रायव्हर डुलकी लागून दरीत गेला, तर बरं का साहेब? मी तर जीव वाचवतो."

"आणि झोपेच्या गोळ्या?"

"ज्याला जागं केलं, त्याला झोपवायला नको?"

बिनपरवाना औषधविक्रीबद्दल त्याच्यावर खटला झाला, शिक्षाही झाली. पण तपास पुरा झाला तो तिथे नव्हे, दवाखान्यात. मिठागरातला मुलगा एक अख्खा दिवस आणि एक रात्र झोपून उठला, तेव्हा मी त्याच्या खाटेशी होतो. गोळ्या पळस्प्याहून तोच आणत असे. त्याने डोळे उघडले, छताकडे पाहिलं आणि विचारलं, "तो मेला ना?"

"नाही."

"मी हलवलं त्याला. उठला नाही. मग मी पांघरूण घातलं, कुलूप लावलं. मला वाटलं, कोणाला सांगितलं तर सगळ्यांना पकडून नेतील. नाही सांगितलं तर तो झोपलेलाच राहील, मेलेला होणार नाही."

"तुझ्या आधी उठला तो. सकाळी पेज प्यायला."

त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. पाठ हलत होती. मी जबाबाचे कागद तसेच घेऊन बाहेर आलो.

प्राचार्यांचा विचार दोघांनाही काढून टाकण्याचा होता. कॉलेज नवं, बदनामी झाली तर पालक मुलं पाठवणार नाहीत, हे त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. डॉक्टरांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"काढा," त्या म्हणाल्या. "मात्र पुढच्या वेळी एखादा मुलगा कुलूप आतून लावील. मग फौजदारांकडे किल्ली नसेल."

प्राचार्यांनी विचारलं, "मग मी करू काय?"

"मला एक खोली द्या. आणि दोन खुर्च्या."

वसतिगृहाची तळमजल्यावरची अडगळीची खोली साफ झाली. शनिवार डॉक्टरांचा शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र वार, म्हणून त्या रविवारी संध्याकाळी येऊन बसू लागल्या. त्यांच्या अटी दोनच. आलेल्या मुलाचं नाव कुठे जाणार नाही, आणि पोलिसाने त्या दारासमोरून जायचं नाही. दुसरी अट मी ठाण्यात सगळ्यांना बजावली. सुरुवातीला मुलं गोळ्या कशा सोडायच्या ते विचारायला येत. पुढे पुढे इतर गोष्टी बोलायला येऊ लागली, असं डॉक्टर सांगत. कोणत्या ते त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ती दोन्ही मुलं पुढच्या वर्षी परीक्षेला बसली. उरणचा पास झाला. दुसऱ्याला आणखी एक वर्ष लागलं.

काही वर्षांनी डॉक्टरांचं कुटुंब इस्रायलला जायला निघालं. नवा डॉक्टर अजून ठरला नव्हता, म्हणून एका रविवारी त्यांनी मला त्या खोलीत बसायला सांगितलं. मी म्हणालो, "मी पोलीस. माझ्यापुढे कोण बोलणार?"

"साध्या कपड्यांत जा. आणि काही विचारू नका," त्या म्हणाल्या.

मी जाऊन बसलो. बाहेर मुलांचा चेंडूचा खेळ चालला होता, तो संपला. उन्हं भिंतीवरून वर सरकत गेली. कोणी आलं नाही. उठावं असं मनात आलं, तेवढ्यात एक मुलगा दारात उभा राहिला. मला ओळखून बिचकला, पण गेला नाही. समोरच्या खुर्चीच्या कडेवर टेकला आणि कितीतरी वेळ नखं कुरतडत बसला.

उभ्या आयुष्यात मी माणसांना प्रश्न विचारत आलो होतो. नाव काय, कुठून आलास, कोणी दिलं, कोण बरोबर होतं. सगळे जिभेवर आले. मी ते तसेच गिळले. समोरच्याला बोलतं करणं ही कला मी खात्यात शिकलो होतो. त्याला हवं तेव्हा बोलू देणं ही वेगळी गोष्ट आहे, ती मी त्या खुर्चीत शिकलो.

खोलीत अंधारू लागलं. मी दिवा लावला नाही.

"साहेब," शेवटी तो म्हणाला, "मी कुठून सुरुवात करू?"