ओळख पटवणे बाकी

“शेवटचं कुठे पाहिलं होतंत?”

काउंटरवर कोणीही आलं, की काका चष्मा कपाळावर चढवायचे आणि पहिल्यांदा हेच विचारायचे. समोरचा माणूस घाईत असो, रडवेला असो, भांडायच्या तयारीत असो, त्यांचा प्रश्न ठरलेला आणि आवाजही ठरलेला. गंमत म्हणजे तो प्रश्न ऐकला की माणसं शांत होऊन आठवायला लागायची.

लंडनमधल्या एका रेल्वे कंपनीचं हरवलेल्या सामानाचं ऑफिस आहे. तिथे नऊ वर्षं माझी खुर्ची काकांच्या शेजारी होती. तुम्ही कधी ट्रेनमध्ये छत्री विसरला असाल तर आमच्यासारख्यांची तोंडं पाहिली असतीलच. आमच्याकडे फोन येतात, छत्र्या येतात, एकाच पायाचे बूट येतात. एकदा दातांची कवळी आली होती, आणि ती न्यायला माणूसही आला होता. काकांनी त्यालाही तोंड उघडायला लावून खात्री केली.

काकांचे नियम दोन. एक, वस्तू दाखवायच्या आधी मालकाने तिचं वर्णन करायचं, आणि ओळख पटली की रजिस्टरमध्ये सही करून न्यायची. “ओळख पटवायला मालकच लागतो,” असं ते म्हणायचे. दुसरा, तीन महिने. तीन महिन्यांत कोणी आलं नाही तर वस्तू चॅरिटी शॉपला, म्हणजे दान आलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या दुकानाला, जाणार. एकदा एक बाई चार दिवस उशिरा आली. वडिलांची टोपी होती हो, जुनी लोकरीची. काकांनी ती मुदत संपली त्याच दिवशी पोत्यात भरून पाठवली होती. बाई डोळे पुसत गेली. मी काकांना चांगलं सुनावलं, कारण माझ्या तोंडाला कुलूप नाही. “चार दिवसांनी काय आभाळ कोसळणार होतं का?” ते एवढंच म्हणाले, “नियम म्हणजे नियम.” त्या दिवशी त्यांनी जेवणाचा डबा मात्र उघडला नाही.

आम्ही दोघंही लंडनच्या ईलिंग भागात राहायचो, त्यामुळे शनिवारी ते मला बाजारात दिसायचे. सगळ्या चॅरिटी शॉप्समध्ये चक्कर मारायची, बिस्किटांचे जुने पत्र्याचे डबे हलवून बघायचे, झाकण उघडायचं, आत डोकावायचं. “काका, एवढे डबे घेऊन करता काय? लाडू वळता का?” मी विचारायचे. “बघतो नुसते,” म्हणायचे. बायको वारलेली, एकटा माणूस, काहीतरी छंद हवाच, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती. आपण शेजारच्या माणसाबद्दल अशाच समजुती करून घेतो आणि वर्षानुवर्षं त्यावर भागवतो.

त्यांनी कधी सलग दोन दिवस रजा घेतली नव्हती. त्यामुळे गेल्या वर्षी ते म्हणाले, “जरा कॉम्प्युटरवर बघ गं, ओसाकाला जायचंय,” तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला.

“ओसाका? जपानचं?”

“दुसरं कुठलं आहे?”

तीन रात्री. तेही हॉटेल नाही, बॅकपॅकर पोरांचं हॉस्टेल, एका खोलीत आठ जण. चौसष्टाव्या वर्षी. मी म्हटलं, “अहो, कंबर मोडेल.” ते म्हणाले, “वरचा बेड देऊ नका म्हणून लिही.” आणि त्याच हॉस्टेलवर अडून बसले. शेवटी मी बुकिंग केलं.

जायच्या दिवशी ते पाठीवर डोंगराएवढी लाल सॅक घेऊन ऑफिसात आले. दुपारी इथूनच विमानतळावर जायचं होतं. मी सॅक उचलायला गेले तर आत खुळखुळलं. “काय भरलंय?” म्हणून मी चेन ओढली. आत बिस्किटांचे अकरा डबे. प्रत्येकाला आमच्याच ऑफिसचा टॅग बांधलेला, त्यावर दुकानाचं नाव आणि तारीख. मी एक उघडला. नुसती बटणं. दुसऱ्यातही बटणं.

“काका, हे काय?” मी विचारलं. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, “मुलगी आहे माझी. तिथे शाळेत इंग्रजी शिकवते.”

नऊ वर्षं. नऊ वर्षांत मुलीचा ‘म’ त्यांच्या तोंडून निघाला नव्हता. मी शेजारची खुर्ची ओढून बसले.

आई गेल्यावर मुलीने युनिव्हर्सिटी अर्ध्यात सोडली आणि पाठीवर सॅक टाकून जग फिरायला निघाली. बापलेकीचं कडाक्याचं भांडण झालं. काका तिला दारात म्हणाले, “तीन महिने वाट बघीन. नाहीतर खोली रिकामी करीन.” आणि केली. एक्क्याण्णवाव्या दिवशी तिचे कपडे, पुस्तकं, सगळं पोत्यात भरून चॅरिटी शॉपला. चौथ्या महिन्यात ती परत आली. तिला कपडे नको होते, पुस्तकं नको होती. तिने एकच विचारलं, आईची बटणं कुठायत. लहानपणी आईच्या शिलाई मशीनशेजारी बसून ती रंगांप्रमाणे लावायची, ती. तीही पोत्यात गेली होती. मुलगी उंबऱ्यावरूनच वळली. त्याला सात वर्षं झाली होती.

मला काकांचा इतका राग आला की तसा कधी कोणाचा आला नसेल. स्वतःच्या लेकीला असा नियम लावतं का कोणी? ते माझ्या ओठांवर आलंही होतं, पण सॅकमधले ते टॅग बघितले आणि एक डबा हातात घेतला.

“ह्यातला कुठला?” मी विचारलं.

“मला कुठे माहीत? डबा होता एवढंच, मी कधी नीट बघितलाच नाही. ओळख पटवायला मालकच लागतो ना.”

परत आल्यावर त्यांनी सांगितलं ते असं. हॉस्टेल मुलीच्या घरापासून दोन गल्ल्यांवर; तिचा पत्ता आणि नंबर त्यांनी नातेवाइकांकडून मिळवला होता. पोचल्याबरोबर तिला मेसेज केला: मी खाली हॉलमध्ये बसलोय. आणि खरंच बसले. ओसाकाचा किल्ला नाही, बाजार नाही, काही नाही. टेबलावर अकरा डबे मांडून दोन दिवस दाराकडे बघत बसले. जगभरची पोरं येता-जाता “अंकल, काय विकताय?” म्हणून विचारायची. एका ऑस्ट्रेलियन मुलीने त्यांना नूडल्स आणून दिले. मुलीचं उत्तर आलं नाही.

तिसऱ्या दिवशी, सॅक भरायला घेतली तेव्हा ती आली. समोर बसली. एकेक डबा उघडायची, बटणं हाताने चाळायची, झाकण लावायची. अकरावा झाला. मग म्हणाली, “बाबा, टिन नव्हता. ग्लासचा जार होता. कॉफीचा.”

हे सांगताना काका थांबले. सात वर्षं हा माणूस चुकीची वस्तू शोधत होता, आणि खरी बरणी एके काळी रोज त्याच्याच घरात, त्याच्या डोळ्यांसमोर होती.

“मग?” मी विचारलं.

“मग मी तिला विचारलं, शेवटचा कुठे पाहिला होतास. म्हणाली, किचनच्या खिडकीत, ऊन यायचं तिथे.” त्यांनी चष्मा पुसला. “स्टेशनपर्यंत सोडायला आली. सॅक तिनेच उचलली.”

त्यानंतर दर रविवारी तिचा फोन यायचा. आणि काका शनिवारी बरण्या बघायला लागले.

जानेवारीत ते बसस्टॉपवर कोसळले आणि गेले. सकाळी माझ्याशी बोलून निघालेला माणूस दुपारी नाही, हे मला अजून खरं वाटत नाही. मुलगी अंत्यविधीला आली, दोन दिवसांत परत गेली. ऑफिसातल्या काकांच्या लॉकरमध्ये सामान आहे असं मी कळवलं तेव्हा तिने लिहिलं, शाळेला सुट्टी लागल्यावरच येता येईल. सुट्टी चौथ्या महिन्यात होती. मॅनेजर म्हणाला, तीन महिने झाले की लॉकर रिकामा. मी मान डोलावली, आणि नव्वदाव्या दिवशी सगळं काढून माझ्या लॉकरमध्ये ठेवलं. काका असते तर माझ्यावर तक्रार लिहिली असती.

ती आली. कपाळावर चष्मा चढवायची तीच सवय. मी काउंटरवर चार बरण्या ठेवल्या, कॉफीच्या, बटणांनी भरलेल्या. प्रत्येकीच्या टॅगवर काकांच्या अक्षरात दुकानाचं नाव, तारीख, आणि खाली ‘ओळख पटवणे बाकी’.

तिने एक उजेडात धरली. “हा नाही.” दुसरी. “हा पण नाही.” तिसरी, चौथी. मी तिच्याकडे बघूच शकत नव्हते.

मग तिने पाठीवरची सॅक उतरवली. काकांची तीच लाल, अंत्यविधीनंतर तिने नेलेली. तिने आपला स्वेटर काढून बरण्यांच्या मध्ये घातला आणि चारही आत ठेवल्या.

“सही कुठे करू?” तिने विचारलं.